सशाचं साल, घोड्याचं साल

—नाही आजी, त्याच्याही आधी. पहिल्यांदा खटकलं ते बाबा गेले त्याच सकाळी. मी त्यांचा कोट हातात धरून ओसरीवर उभी, गेलेला जीव परत यावा म्हणून उत्तरेकडे तोंड करून तीनदा नाव पुकारतेय—आता कोण पुकारतं म्हणा, पण त्यांची तशी इच्छा होती, आणि घरात मुलगा नाही, मग मीच—मिन ब्योंगहो, परत या, म्हणून. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर मोठ्या आत्याने मागून येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. बाबांची सख्खी मोठी बहीण. हात नुसता गार. मी दचकले—मी दचकतेच, कुणी शिंकलं तरी दचकते—मला वाटलं, रीतीत काही चुकलं असेल. विचारणार होते, पण सगळं आटोपल्याबरोबर ती बुसानला निघून गेली, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. अकरा महिने झाले. आजच्या दिवसात नऊ वेळा लावला, हे बघा. तुमचं टोकन कितीचं आहे? मग वेळ आहे अजून. माझं काम झालंय, बाबांच्या जन्मनोंदीच्या उताऱ्याची शिक्क्याची प्रतही मिळालीय, मी नुसती बसलेय—बाहेर गेले तर रेंज जाईल अशी भीती वाटते.

आजच का? कारण आज पाचला आमच्या मिन घराण्याचा कुलवृत्तांत छापायला जातोय. तीस वर्षांनी एकदा निघतो. यंदापासून मुलींचीही नावं घालणार आहेत, म्हणून चार-पाच महिन्यांपूर्वी कुलमंडळाच्या एका आजोबांचा मला फोन—पोरी, तुझ्या बापाचं जन्मसाल एकदा नक्की काय ते कळव, आमच्याकडे दोन आहेत. दोन कशी असतील? तर हा उतारा. माझ्या आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, स्वतः इथे, याच कचेरीत येऊन लिहून दिलेलं—मुलगा ब्योंगहो, जन्म एक्कावन्नच्या वसंतातला. बारा जनावरांच्या चक्रातलं सशाचं साल. आणि मागच्या कुलवृत्तांतात त्याच आजोबांनी सांगितलंय चोपन्नचा हिवाळा. घोड्याचं साल. बाप तोच, मुलगा तोच, साल वेगळं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं—इतिहास घेऊन पदवी केली मी, त्याने भात शिजत नाही असं आई म्हणते ते सोडा—घटनेच्या जितका जवळचा कागद तितका भरवशाचा. आणि खोटं लिहून कुणाचा काय फायदा होता, ते आधी बघायचं. यातली नोंद तर जन्मानंतर तिसऱ्या दिवशीची. याच्याहून जवळचं काय असणार? मी तेच कळवून मोकळी होणार होते. पण शाळेचा पट काढला. बाबा पहिलीत गेले एकसष्टला. म्हणजे सशाच्या सालाचे असतील तर दहा वर्षांचा थोराड पोरगा पहिलीत—आणि फोटोत बघाल तर रांगेत सगळ्यात बुटके, पुढचा दात पडलेले. मग आईच्या पेटीतून लग्नाच्या वेळचा कागद काढला, वराकडून येतो ना, जन्माचं साल, महिना, दिवस, घटका लिहून लाल फडक्यात गुंडाळून—त्यातही घोडाच. आता लग्नाच्या कागदावर लोक साल फिरवतात, पत्रिका जुळावी म्हणून, ते मलाही माहीत आहे. पण शाळेत दात कोण फिरवणार? आईला विचारलं, तर म्हणाली, मला काय ठाऊक, मी जन्मभर त्यांना युरिमचे बाबा म्हटलं. गावात सगळे तेच म्हणायचे. त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, आजी.

तुम्ही मान हलवताय. तुमच्याकडेही? थोरल्या दिराचं? —हां. म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं. मला चार महिने लागले.

खोटा कागद एकही नव्हता. पोरं दोन होती. ससा आधीचा, घोडा नंतरचा. थोरल्याची नोंद पहिला मुलगा म्हणून लगेच केली; धाकट्याला नाव ठेवलं होतं, पण नोंद केली नव्हती—जगतो की नाही ते बघून करायची पद्धत होती म्हणतात. तो दीड वर्षांचा झाला तेव्हा गोवर आला आणि थोरला गेला, पाच वर्षांचा. पोराला कसला विधी, माठात घालून डोंगरात दगडांखाली ठेवलं असेल. आणि आमचे आजोबा कचेरीत आलेच नाहीत. एक मृत्यू आणि एक जन्म सांगायला दोन कोसांची चाल, उशिराचा दंड वेगळा, आणि कदाचित—कदाचित मृत्यू तोंडाने उच्चारवला नसेल. कागदावर एक मुलगा होता, घरात एक मुलगा होता, जुळलं. म्हणून बाबा सतराव्या वर्षी सैन्यात गेले, तीन वर्षं आधी निवृत्त झाले, सगळं दादाच्या वयाने. आणि दादाला पाठुंगळी घेऊन गावभर हिंडवायची ती आमची आत्या. हे मंडळाच्या आजोबांनी सहज सांगितलं, त्यांना वाटलं ती बाबांनाच घेऊन हिंडायची.

मग आता मी नाव कुणाचं पुकारलं? दोनदा? बाबांना ते ऐकू गेलंच नसेल. आणि ज्याला कुणी सत्तर वर्षांत बोलावलं नव्हतं—आमचं मधलं दार जुन्या पद्धतीचं, चौकटीवर कागद डकवलेलं, त्या कागदाला भोक पडतं. इथे, कमरेच्या उंचीवर, बोटाएवढं. मी डकवते, पुन्हा पडतं. मांजर असेल. आई म्हणते मांजरच. आमच्याकडे मांजर नाही.

नाही हो, मी कुणाला घाबरून नाही करत हे. बाबांसाठी करतेय. पाचपर्यंत नाव मिळालं नाही तर छापलं जाईल, ब्योंगहो, एक्कावन्न, कन्या युरिम. म्हणजे माझे बाबा जन्मलेच नाहीत आणि मी एका पाच वर्षांच्या पोराची मुलगी. तीस वर्षं तसंच राहणार. साल मला कळलंय, नाव नाही. दीड वर्षाच्या बाळाला घरात काय म्हणायचे हे आता एकाच माणसाला माहीत आहे.

म्हणजे—बाबांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना लहानपणी कधीतरी आजीने सांगितलं असणार. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाले, पोरी, मला पुकारशील तेव्हा ब्योंगहो म्हणू नकोस, ते दादाचं आहे, तो येईल. त्यांना ताप होता, आजी, खरंच होता, एकोणचाळीस. मी त्यांचं ओळखपत्र काढून दाखवलं. वाचून दाखवलं त्यांना. बाबा, हे बघा, सरकारी कागद आहे, तुम्हीच ब्योंगहो. ते हसले. म्हणाले, माझं होतं ते—आणि मी पेजेचा चमचा तोंडात घातला. गप्प बसावेत म्हणून. मला भीती वाटत होती हो त्या बोलण्याची. त्यांनी पेज गिळली आणि पुन्हा काही म्हटलं नाही. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे.

पाचला सात मिनिटं कमी. पुकारला की तुमचा नंबर, जा तुम्ही, माझ्यासाठी थांबू नका. मी दहाव्यांदा लावते. वाजतोय. तिचा फोन वाजत राहतो आणि मग आपोआप—

आत्या?

...हो, मी युरिम. फोन ठेवू नकोस. मी काही विचारणार नाही, गोवराचं नाही, कशाचंच नाही. एवढंच सांग. बाबांचं नाव काय होतं?