अंतराचे दोन इंच

नाही, तुम्हीच सांगा मला, पाच फूट अकरा इंच ही मुलीची उंची कमी आहे का हो? अहो, आमच्या सांगलीत पाच-अकराची मुलगी रस्त्याने निघाली तर लोक सायकलवरून उतरून बघतील! आणि इथे मिनेसोटात सात जण बसलेत... सात, मोजलेत मी... आणि इंटरनेटवर लिहितायत, ईडन प्रेरीची ती इंडियन मुलगी खेळते बरी, हात चांगले आहेत, पण काय आहे, जरा बुटकी पडते. माझी अंतरा! जिच्या सलवारींना मी पाच वर्षं खालून पट्ट्या जोडतेय, ती! आणि म्हणे उंची कमी.

थांबा, नीट सांगते, नाहीतर गिरीश, म्हणजे माझा नवरा, तो म्हणतो की वसुधाची गोष्ट नेहमी मधूनच सुरू होते. तर अंतरा इथे आमच्या गावात, ईडन प्रेरीत, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. शाळेच्या टीममधून बास्केटबॉल खेळते, अगदी बास्केटच्या खाली उभी राहून, जिथे सगळ्यांची कोपरं लागतात तिथे. तिला कॉलेजातही खेळायचंय, आणि साऱ्या अमेरिकेतून हाताने लिहिलेलं पत्र तिला आलं एकाच कोचचं, व्हाइट पाइन कॉलेजच्या. ऐकलंयत नाव? मीही नव्हतं ऐकलं. इथून वर चार तास ड्राइव्ह करत जायचं, जंगल, तळी, थंडी, आणि मध्येच एक कॉलेज. टीमचं नाव लून्स, म्हणजे पाणपक्षी हो, वेडे नव्हेत. मला कुठे हवं होतं ते? माझ्या मनात तिने मोठ्या युनिव्हर्सिटीत जावं, मेडिकलचं बघावं. पण पोरीने व्हाइट पाइनच्या मॅचेसचं टाइमटेबल फ्रिजवर लावलं, पत्र उशीखाली ठेवलं, आणि ऐन मार्चच्या बर्फात, बोटं कापलेले हातमोजे घालून, गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर रोज दोनशे वेळा बॉल टाकायला लागली. रोज! आता किती दिवस मेडिकल मेडिकल करणार? मीही म्हटलं, मिळू दे बाई तिला तिचं व्हाइट पाइन.

जागा मात्र एक. पुढच्या वर्षासाठी कोचला बास्केटखाली उभी राहणारी एकच मुलगी घ्यायची होती. आणि एका शनिवारी सकाळी अंतराने घरच्या कम्प्युटरवर एक पान उघडं टाकलेलं, ते मी वाचलं. व्हाइट पाइनच्या मुलींच्या टीमच्या चाहत्यांचा फोरम. मुलींच्या टीमला चाहते असून असणार किती? सात. पण काय ते सात! कुणी रिटायर्ड पोस्टमन, कुणी डेंटिस्ट, आणि त्यांचा म्होरक्या 'रो-ट्वेल्व्ह', कारण तो वीस वर्षं बाराव्या रांगेतच बसतो. आणि हे सात जण करतात काय, तर येऊ घातलेल्या मुलींची चर्चा! हिचे गुडघे नाजूक आहेत, तिचा डावा हात चालतच नाही, तिची आई ठेंगणी आहे म्हणजे ही काही आता वाढायची नाही... अहो, यांच्यापेक्षा सुलेखावन्सं बऱ्या. म्हणजे माझ्या नणंदबाई, पुण्याला असतात, विवाहमंडळ चालवतात. त्या निदान पोहे खाऊन मग नावं ठेवतात.

आणि त्यात रो-ट्वेल्व्हने लिहिलेलं, 'लिस्टेड फाइव्ह इलेव्हन. सो, फाइव्ह नाइन.' मी तीनदा वाचलं. हे 'सो' कुठून आलं? गिरीशला विचारलं, तर तो चहा पीत शांतपणे म्हणतो कसा, बास्केटबॉलमध्ये सगळेच दोन इंच वाढवून लिहितात, म्हणून वाचणारे दोन वजा करूनच वाचतात. एवढं बोलून परत चहा. मी मटकन खुर्चीत बसले. कारण... आता तुमच्यापासून काय लपवायचं... अंतरा पाच-अकरा नाहीच आहे. सहा-एक आहे.

अहो, बघू नका असं माझ्याकडे! मी स्वतः पाच-नऊ. बाबांनी माझ्या लग्नाच्या माहितीत लिहिलं पाच-सात. उंच मुलींचं सगळे तसंच लिहायचे आणि वाचणारेही दोन मिळवून वाचायचे, त्यामुळे कुणाची फसवणूक व्हायची नाही. फक्त आमच्या सासूबाई भोळ्या, त्यांनी मिळवलेच नाहीत. बघायला आले तेव्हा बाबांनी मला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलेलं, पोहे माझ्या बहिणीने आणले, आणि मी उठले ती थेट सुपारी फुटल्यावर. सासूबाई म्हणाल्या, 'अगंबाई, ही अजून उठतेच आहे.'

तर ते हातात बसलेलं. व्हाइट पाइनचा फॉर्म आला तेव्हा अंतरा म्हणाली, आई, यू फिल इट, आय हॅव प्रॅक्टिस. मी भरला. नाव, जन्मतारीख, मार्क, उंची... आणि हाताने लिहिलं पाच-अकरा. देवाशपथ सांगते, मी नाही लिहिलं, हाताने लिहिलं. शाळेच्या फॉर्मवर नववीपासून तेच. तिने एकदा विचारलंही, मॅचच्या प्रोग्रॅममध्ये पाच-अकरा कसं छापलंय, तर मी म्हटलं प्रिंटिंग मिस्टेक. आणि मी नोकरी कसली करते? हृदयाच्या झडपा बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीत! केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक मी पकडते. कोचने तिला पाहिलं होतं, पण टेपवर, गिरीशने काढलेल्या, आणि त्यात अर्धा वेळ पुढच्या बाईची टोपीच दिसते. म्हणजे मी दोन खाल्ले, त्या सात जणांनी वर दोन खाल्ले, आणि माझी सहा फूट एक इंचाची मुलगी पाच-नऊ होऊन बसली. आणि म्हणे उंची कमी!

तिकडे नॉर्थ डकोटाची एक मुलगी होती, लिस्टेड सहा-दोन. साती जणांचा तिच्यावर जीव. मला राहवेना. मी फोरमवर नाव नोंदवलं, 'न्यूट्रल फॅन'. आणि लिहिलं, खात्रीलायक सूत्रांकडून समजतं की ईडन प्रेरीची मुलगी प्रत्यक्षात सहा-एक आहे, शिवाय अभ्यासात हुशार आणि स्वभावाने ओबीडियंट आहे. दोन मिनिटांत खाली उत्तर आलं, 'हाय, मॉम.'

कसं कळलं असेल? गिरीश म्हणाला, 'ओबीडियंट' कुठल्या न्यूट्रल फॅनने लिहिलंय आजवर? हसत होता हो तो. आणि बाहेर ड्राइव्हवेवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता, धप, धप, धप, आणि तिला वाटत होतं की आपलं काहीतरी कमी पडतंय. ते फोरमचं पान तिनेही वाचलंच होतं की! आणि दोनशेचे तीनशे केले.

सोमवारी लंच टाइममध्ये कंपनीच्या पार्किंग लॉटमधून मी कोचला फोन लावला. कोच म्हणजे बाई आहेत, अतिशय गोड बोलतात, इकडचे लोक किती गोड बोलतात तुम्हाला माहितीय, नाही म्हणतात ते आपल्याला घरी आल्यावर कळतं. मी म्हटलं, मॅम, फॉर्मवर चूक झाली, माझी मुलगी सहा-एक आहे. तर म्हणतात, हो ना, मार्च महिन्यात सगळ्यांच्याच मुली दोन इंच वाढतात. म्हणजे बघा! खरं बोलले तर ही गत! मी अजून समजावायला जाते, तर त्या म्हणाल्या, अंतरा फार छान मुलगी आहे, पण नॉर्थ डकोटाची मुलगी शनिवारी येतेय, बुधवारी आम्ही ठरवू, आणि हां, तुम्ही कधी इकडे आलात तर जरूर डोकावून जा. आता 'कधी आलात तर जरूर या' याचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. याचा अर्थ येऊ नका. मी म्हटलं, थँक्यू, वी आर कमिंग सॅटर्डे.

आणि मग शनिवार. पहाटेच निघालो, गिरीश गाडी चालवतोय, बाहेर बारीक बर्फ, अंतरा मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून... कारण पाय मावत नाहीत हो, कुठल्याच गाडीत मावत नाहीत तिचे! आणि मला तर तिला सांगायचं होतं. आज तिथे मोजणार म्हणजे फॉर्मवरचं तिला कळणारच, मग माझ्या तोंडून कळलेलं बरं. एक एग्झिट गेलं, दुसरं गेलं, मी थर्मास उघडते, बंद करते. शेवटी सांगितलं. फॉर्म, पट्ट्या, आजोबा, पाच-सात, सगळं सांगितलं. चूक माझी, म्हटलं, तुझं काहीच कमी नाहीये, मीच कमी लिहिलं.

गिरीशने रेडिओ बंद केला. चाळीस मैलांनंतर मागून आवाज आला, 'आई, यू शॉर्टन्ड मी.'

ओरडली असती ना, तर चाललं असतं. मी आपली समोरच्या काचेवरचे वायपर बघत बसले.

जिम म्हणजे केवढं, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलएवढं. कोचबाई आम्हाला बघून चमकल्या, खरंच आले की हे लोक, असं चेहऱ्यावर स्पष्ट, पण हसून या म्हणाल्या. नॉर्थ डकोटाची मुलगी आली होती, गोरीपान, गुणी बिचारी, तिचे आईवडीलही साधे. भिंतीला पट्टी लावलेली. बुटं काढून मोजायचं. आणि कोपऱ्यात कॉफीचा कप घेऊन एक म्हातारा उभा, कानटोपी, गळ्यात लूनचं चित्र असलेला मफलर. मला म्हणाला, हिवाळ्यात मी रोज इथे चालायला येतो, एरवी माझी जागा बाराव्या रांगेत. माझ्या हातून पर्सच पडली! आठवडाभर मी त्याच्या नावाने बोटं मोडत होते, आणि त्याने वाकून ती उचलून दिली.

नॉर्थ डकोटाची मुलगी उभी राहिली. लिस्टेड सहा-दोन, मोजली तर सहा पूर्ण. मग अंतरा गेली. पाठ भिंतीला लावली, कोचबाईंनी डोक्यावर पुस्तक टेकवलं, म्हणाल्या, पाच-साडेअकरा.

पाच-साडेअकरा? मी स्वतः दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलीने खूण केलीय, सहा-एक! आणि मग मी बघितलं. पोर पोक काढून उभी होती. खांदे पुढे, मान खाली, गुडघे किंचित वाकवलेले... आणि तिला पत्ताच नाही. कुणी शिकवलं तिला? अहो, मीच! फोटोत मागे उभी रहा, टाचेच्या चपला नकोत, लग्नकार्यात जरा खांदे सैल सोड बाळा, वन्सं आल्यायत तोवर बसूनच घे. पाचवीपासून तेच चाललंय. फॉर्मवरचे दोन इंच खोडून दुरुस्त करता आले असते, हे कसे करणार? माझे डोळे भरून आले, तिथेच, त्या परक्या लोकांसमोर.

कोचबाई आकडा लिहायला लागल्या. मी पुढे झाले आणि म्हटलं, 'अंतरा, ताठ उभी रहा.'

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'आर यू शुअर?'

'सगळी उभी रहा,' मी म्हटलं.

आणि उभी राहिली हो... आधी गुडघे, मग पाठ, मग खांदे मागे गेले, मान वर आली. कोचबाईंना पुस्तक टेकवायला खुर्ची आणावी लागली. सहा फूट सव्वाएक. मग त्यांनी तिला खेळवून बघितलं, तासभर. मी काही पाहिलं नाही, डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. बॉल आपटल्याचा आवाज मात्र ऐकत होते.

बुधवारी फोन आला. घेतलं! अंतराला घेतलं! पोरीने मला असं उचललं ना, की डोकं पंख्याला लागायचं राहिलं. मी गोडाचा शिरा केला, सात वाट्या जास्तच झाला, आणि मनात आलं, त्या साती जणांनाही द्यावा एकेक, झालं गेलं विसरून जाऊ.

पण फोरम उघडला तर काय? रो-ट्वेल्व्हने बिचाऱ्याने लिहिलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मुलगी सहा-एक आहे, बुटं काढून. आणि खाली बाकीच्या सहा जणांनी, ओळीने, एकाखाली एक, त्याला लिहिलेलं... 'हाय, मॉम.' कुणाचाच विश्वास नाही! म्हणे फॉर्मवर तर पाच-अकराच आहे. कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार? सोडून दिलं मी.

मग मे महिन्यात कॉलेजचा नवा फॉर्म आला, टीमच्या यादीत छापायची माहिती. मी पेनला हातसुद्धा लावला नाही, म्हटलं, तुझं तू भर. तिने भरला, आणि मी वरून सहज बघितलं तर उंचीपुढे सहा-तीन! मी म्हटलं, अगं, सहा-एक आहेस ना, त्यांनी स्वतः मोजलीय ना? तर म्हणे, 'आई, एव्हरीबडी अ‍ॅड्स टू.' आता मला बोलायला तोंड आहे का?

यादी इंटरनेटवर लागली आणि तासाभरात फोरमवर आलं, डेंटिस्टने लिहिलं, लिस्टेड सहा-तीन, म्हणजे खरी सहा-एक. बाकीच्या सहाही जणांना एकदम पटलं. एवढा जीव तोडून खरं सांगत होते मी, चार तास ड्राइव्ह करून भिंतीला उभं केलं पोरीला... आणि माझ्या मुलीची खरी उंची लोकांना कळली ती अखेर खोटी लिहिल्यावर.