पुरात नदीला काय म्हणायचं

सांगलीच्या पुराचा विषय निघालाच आहे, तर ऐका. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तशी आई कृष्णामाईची ओटी भरायला निघाली. सोबत शेजारच्या सलीमची अम्मा. तिचं माहेर विजापूरकडचं, म्हणून ती नदीला कानडीत हाक मारायची, "दोड्ड होळे!"

आईनं अर्थ विचारला.

"मोठी नदी."

"आवं, मोठी नगा म्हनू तिला, अजून फुगंल!"

अम्मानं क्षणभर विचार केला आणि पाण्याकडं बघून हळूच म्हणाली, "चिक्क होळे." म्हणजे छोटी नदी.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं.

आता दोघीही नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवतो. तरी पाणी चढायला लागलं की सलीमचा फोन येतोच. "गड्या, चिक्क म्हनलास का?"

"सकाळीच म्हनलो रं."