लाखेनं भरलेला दरवाजा

वडशाच्या मोटार-स्टँडवर तिकिटाच्या रांगेत गुणवंतराव उभे होते. पिशवीतून गाडीला द्यायच्या काळ्या रंगाचा डबा डोकावत होता. जुन्या मोटारीच्या दरवाजाला गंजून पडलेलं भोक त्यांनी लाखेनं बुजवलं होतं. वरून एक हात रंग दिला की गाडी विकली जाणार, नाहीतर भंगारात. तेवढ्यात पुढचे दोघे बोलू लागले.

"झाडूभाऊ, त्या गुणवंतरावची गाडी घ्याले मन नाई मानत."

"काऊन, लटारूभाऊ?"

"वीस वर्साची गाडी, अन् गंज नाई म्हणून निरोप धाडते. आपल्या पावसात?"

"लाख भरली असन. ठोकून पाह्यजो, टिनाचा आवाज येते का?"

"ठोकू देईन का तो?"

"मंग दुपारी जाय. गाडी उन्हात लावाले सांग, अन् चहा पीत बस. लाख असन त रंग फुगते."

गुणवंतरावांनी पिशवी काखेत दाबली. लटारूनं मागं वळून पाहिलं.

"ऐकून राह्यले का, भाऊ? तुमी त्याच गावचे?"

"हौ."

"कसा माणूस हाय गुणवंतराव?"

"लई सरळ. पण दुपारी झोपते. तुमी सकाळीच जा."

लटारूची नजर डब्यावर थांबली.

"नाई, दुपारीच येतो. चहा तेवढा ठेवजा, गुणवंतराव."