बागेतली अवजारांची खोली

चंदीगडच्या इस्पितळात औषधांच्या रांगेत पुढे मराठी ऐकू आलं, तशी अवनी सुखावली. साठीतले काका-काकू होते.

"अवजारांना लाकडी खोली नको. वाळवी लागेल."

"तूच म्हणालीस, दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ."

"तेव्हा रिपोर्ट यायचा होता. आता डॉक्टरच म्हणाले ना, गाठ साधी आहे."

"मग पत्र्याची करू?"

"इथल्या उन्हाळ्यात भट्टी होईल तिची. विटांचीच बांधा, जोतं चांगलं उंच घ्या."

"विटांची पन्नास वर्षं हलायची नाही, मीनाक्षी."

"नकोच हलायला. आणि दार उंच ठेवा. म्हातारपणी मला वाकणं जमायचं नाही."

काकांनी तिच्या हातातली फाइल आपल्याकडे घेतली.

"ठेवू. घरी गेल्यावर तुला उभी करूनच माप घेतो."