पट्ट्यावरून उचललेलं

मुलगी : अहो, तो हात धुवायचा नळ नाही! उकळतं पाणी येतं त्यातून. चहाचा नळ आहे तो, बाबा.

वडील : टेबलावर नळ दिसला की माणूस हातच धुणार. चहाला नळ कोण लावतं?

मुलगी : हे जपानी लोक लावतात. ही हिरवी पूड कपात घालायची आणि वरून पाणी सोडायचं. भाजलं का?

वडील : बाटल्यांच्या कारखान्यात, भट्टीच्या शेजारी एकतीस वर्षं काढली. एवढ्याने काय भाजतंय.

मुलगी : बरं, मग घ्या आता काहीतरी. ह्या फिरत्या पट्ट्यावरून समोरून जाणारं आवडलं की उचलायचं, खायचं आणि रिकामी बशी बाजूला ठेवायची. अर्धा तास झाला, तुम्ही नुसते बघत बसलाय.

वडील : पट्टा जरा जोरात सोडलाय.

मुलगी : जोरात? गोगलगाय पुढे जाईल त्याच्या.

वडील : आमचा मिनिटाला दोनशे बाटल्या न्यायचा. पण तिथे मागून दिवा असायचा, आरपार दिसायचं. इथे उजेड वरून मारलाय. खालची बाजू कळत नाही.

मुलगी : तुम्ही रिटायर होऊन सहा वर्षं झाली. इथे तुम्हाला तपासणीला नाही बसवलेलं, जेवायला बसवलंय.

वडील : ही घेतो.

मुलगी : ही? हिच्यातला मासा भातावरून घसरलाय. मागची घ्या की, छान दिसतेय.

वडील : असू दे. हे हिरवं काय? चटणी?

मुलगी : अगदी टोकावर घ्यायची... अहो, सगळी नका!

(वडील डोळे पुसतात.)

मुलगी : पाणी प्या. रडताय काय?

वडील : नाकात गेली. चांगली आहे. सर्दी राहणार नाही वर्षभर.

मुलगी : बाबा, शनिवारी मी जातेय. तीन वर्षं तरी येणार नाही. म्हणून आज कुणाला न घेता तुम्हाला एकट्याला इथे आणलंय. मला एक विचारायचंय, आणि आज उत्तर दिलं नाहीत तर शनिवारी सोडायला येऊ नका.

वडील : एवढं काय? विचार.

मुलगी : तुम्ही नि आई वेगळे झालात, तेव्हा तुम्ही दादाला नेलंत. मला का नाही नेलं?

वडील : ही पण घेतो.

मुलगी : बाबा.

वडील : ऐकतोय.

मुलगी : बावीस वर्षांत ओठावर आणलं नाही. आई म्हणते, त्यांनाच विचार. दादा म्हणतो, मला काय माहीत. राहिलात तुम्ही.

वडील : दोन मुलं, दोन घरं. एकेक वाटून घेतलं. त्यात काय एवढं.

मुलगी : चिठ्ठ्या टाकल्यात?

वडील : नाही.

मुलगी : म्हणजे निवडलंत. आधी कोणी निवडलं?

वडील : मी.

वेट्रेस : माफ करा हं, मधेच बोलतेय. काका, तुम्हाला एक विचारू? तुमचं सगळं ठीक आहे ना?

वडील : मला काय झालंय?

वेट्रेस : नाही, काय होतंय, वाकड्या-तिकड्या बश्या पट्ट्यावरून काढायचं काम माझं. पण आज त्या तुमच्या टेबलापर्यंत येतात आणि पुढे गायबच होतात. म्हटलं, बघावं तरी. ही बघा, हिचा भात फुटलाय. ही तर कडेने वाळलीय. ह्या कोणी घेतच नाही, काका. द्या, मी ताज्या आणते.

वडील : ती काकडीवाली अकराव्यांदा आली होती. दहाव्या फेरीला कडा वाळायला लागल्या.

वेट्रेस : अगं बाई! तुम्ही फेऱ्या मोजल्यात? चुकलंच माझं. आज दुसरी आलेली नाही, एकटीच धावतेय मी.

वडील : तुझी चूक नाही. टेबलं पण तूच बघायची आणि पट्टा पण तूच, म्हणजे निसटणारच. पुढच्या टेबलावर लहान मुलं बसलीत, तिकडे जायला नको म्हणून काढल्या.

वेट्रेस : मग नुसत्या बाजूला ठेवा ना! खाताय कशाला?

वडील : खाण्यासारख्या आहेत. पुढे पाठवण्यासारख्या नाहीत.

वेट्रेस : ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना.

मुलगी : मी सांगून ऐकले असते तर अजून काय हवं होतं. तुम्ही जा, तिकडे हात दाखवतायत तुम्हाला.

वेट्रेस : आले, आले! एकच मिनिट!

मुलगी : कमाल आहे तुमची. जेवायला आणलं तर सगळा बिघडलेला माल पोटात घालून बसलात.

वडील : हात आपोआप जातो. चांगल्याला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं होतं. उगाच उचललं तर डाग पडतो, नाहीतर हातातून सुटून फुटतं. चांगलं आपलं आपण पुढे जातं.

मुलगी : दादा तेव्हा बोलताना अडखळायचा.

वडील : हं.

मुलगी : दोनदा नापास झाला होता. अंथरूण ओलं करायचा, चौदा वर्षांचा घोडा.

वडील : घोडा म्हणू नकोस. घाबरायचा तो. तुझी आई सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. मी पहाटेची पाळी मागून घेतली, दुपारपासून त्याला घेऊन बसायचो. एकेक शब्द त्याच्या तोंडून काढायचो. तुझं सगळं ठीक होतं.

मुलगी : ठीक! दर रविवारी यायचात, माझं प्रगतीपुस्तक घ्यायचात, उजेडात धरायचात आणि म्हणायचात, ‘ठीक.’ पहिला नंबर आला, तरी ‘ठीक’.

वडील : आमच्या खात्यात त्याच्या वर शेरा नव्हता.

मुलगी : हसण्यावारी नेऊ नका. मला राग येतो तुमचा. अजून येतो. मी काही बाटली नव्हते, बाबा. बारा वर्षांची होते. मी माझी बॅग भरून ठेवली होती. निळी. मला खात्रीच होती, इतके चांगले मार्क आहेत म्हटल्यावर तुम्ही मलाच नेणार.

वडील : बघितली होती.

मुलगी : काय?

वडील : बॅग. दारामागे होती. चेन पुरती लागली नव्हती, फ्रॉकचं टोक बाहेर आलं होतं.

मुलगी : आणि तरी गेलात?

वडील : टोक आत सारलं. चेन लावली. मग गेलो.

मुलगी : मला वाटलं, आईने लावली.

वडील : नाही.

मुलगी : चुकलं नाही का वाटत कधी?

वडील : त्याला नेलं, ते नाही चुकलं. आज वर्गात उभा राहून शिकवतो तो. तुला विचारलं नाही, ते चुकलं. तुझ्यात खोट नाही, तर तुला काही लागतही नाही, असं धरून चाललो. खराब बाटली पुढे गेली की आम्हाला बोलणी बसायची. चांगलीचं पुढे काय झालं, ते कधी कोणी येऊन सांगितलं नाही.

मुलगी : मी सांगते. ती सगळं नीटच करत बसते. चौतीस वर्षांची झाली तरी.

वडील : मला वाईट वाटायचं गं. रविवारी परत जाताना वाटायचं, पुढच्या स्टॉपवर उतरावं आणि मागे फिरावं.

मुलगी : फिरलात कधी?

वडील : एकदा. रस्त्यावरून बघितलं. तू खिडकीत वाचत बसली होतीस. म्हटलं, ठीक आहे पोरगी.

मुलगी : परत ठीक! जाऊ दे. चला आता, माझं सामान अजून तसंच पडलंय. शनिवारी साताला निघणार आहे.

वडील : साडेसहाला येतो.

मुलगी : या. उठताय ना?

वडील : थांब जरा. एक येतेय, वळणावर आहे.

मुलगी : आणखी एक? पोट आहे का काय?

वडील : थांब. ही.

मुलगी : बघू. भात फुटलेला नाही. मासाही जागेवर आहे. वाळलीय का?

वडील : पहिलीच फेरी आहे तिची.

मुलगी : मग बिघडलंय काय हिच्यात?

वडील : काही नाही. धर.