ताटात राह्यलेला विडा

आता हे बी मलाच सांगावं लागतं का? माफी मागाया तू आला, अन् माफी कशाची ते मी सांगू — वा रे वकिलाच्या लेका! बापानं मरताना एवढंच म्हनलं? "भालचंद्रा, परतूरच्या रखमाजीची माफी माग" — अन् फुडं काय न्हाई? मंग जगन्नाथराव वकील मेला बी अर्धंच बोलून. जितेपनी तर तोंड थांबायचं न्हाई त्याचं. बस. तिथं नको, तिथं शेळी मुतली, इकडं बस. मला सांगाया आवडत न्हाई, आधीच बोलून ठेवतो. घसा दुखतो, अन् सांगून कुनाचं काय व्हत न्हाई. पन तू ऐकल्याबिगर उठनार न्हाईस, दिसतंच तुझ्या तोंडावर. बाप बी असाच व्हता, चिवट.

येताना ते गोदाम बघितलंस का — टेशनामागं, पत्रे उडालेलं? बद्रीनाथ शेटचं ते. रुई ठेवनं बंद झालं तवा शेटनं ते आंधळ्या-पांगळ्यासाठी दिलं. लेकरं न्हाई हां, म्हातारे बी न्हाई — चांगली जानती, कामाच्या वयाची मान्सं, पन कुनाला डोळे न्हाई, कुनाचे पाय वाळलेले. मायबाप व्हते तवर घरात ठीक, मंग भावजया भाकर आपटून वाढायला लागल्या की ती मान्सं इकडं यायची. दोर वळायची, दळनं दळायची. अन् त्याहिच्यावर आम्ही पाच पंच. फुकटचे! तुझा बाप म्होरक्या. बद्रीनाथ शेट, कारन गोदाम त्याचं. शिरपती गुरुजी, कारन त्याला पोलीसच्या अमीनसायबाशी उर्दूत बोलता यायचं. काकासाहेब, हसनाबादचे, ते जवारी धाडायचे. अन् मी? माझी हीर. गोदामाला पानी माझ्या हिरीचं, म्हनून रखमाजी पंच. शिक्षन इचारू नको, अंगठ्याच्या फुडं माझी बोटं कवा गेली न्हाईत.

तवा निजामाचं राज. चार मान्सं बसली, काय ठरवून कागदावर लिहिलं, की पोलीसचा अमीन दारात — कसली सभा ही, परवानगी दाखवा! म्हनून तुझ्या बापानं अक्कल काढली. कागद बिलकुल करायचा न्हाई. ताटात पाच विडे ठेवायचे. ज्याला गोष्ट पटली त्यानं आपला विडा उचलायचा अन् तिथंच तोंडात घालायचा. पाची उचलले तर काम पक्कं. एक जरी ताटात राह्यला तर बारगळलं. अन् अमीन आला तर? पान खाया बसलोत सायेब, या! खरंच आल्ता एकदा. दाराला घंटा बांधायची का न्हाई यावर आमची दुपार चालली व्हती, तर हा आत. तुझ्या बापानं ताट फुडं केलं, अन् त्या बहाद्दरानं विडा उचलून टाकला की तोंडात! गुरुजी माझ्या कानात म्हनतो, रखमाजी, घंटा सरकारातून मंजूर झाली. — हस की, हसायचीच गोष्ट हाय.

मी तेवढा विडा उपरन्यात बांधायचो. दात न्हाईत, सुपारी चावत न्हाई. तुझ्या बापानंच सूट दिल्ती मला.

अन् ज्याहिच्या जिवाचं ठरवायचं ती मान्सं कुठं? भाईर, ओट्यावर. दार उघडंच असायचं. आतलं सगळं त्याहिला ऐकू जायचं, पन त्याहिनं आत येऊन बोलायचं न्हाई, हा बी नेम. कुनी घातला? आम्हीच. का घातला ते मला आठवत न्हाई. त्याहिला बोलू दिलं असतं तर — जाऊ दे.

गोजरबाई. देवीच्या आजारात डोळे गेल्ते तिचे, जानती झाल्यावर. काकासाहेबानंच हसनाबादहून आनून घातली. उंच, अंगानं भरलेली. जात्यावर बसली की ते रिकामं गोदाम घुमायचं. अन् एक मच्छिंद्र — पाय वाळलेला, चाकाच्या पाटावर बसून हातानं रेटत फिरायचा. कुनी कीव केली की दगड भिरकवायचा. त्या दोघाचं जमलं. तुला वाटंल, हिला त्याचे डोळे अन् त्याला हिचे पाय — लोक असंच बोलायचे. तसलं काय न्हाई. दिवसभर भांडायचे. दुसऱ्या कुनाशी भांडायला मजा येईना त्याहिला, एवढंच. दोघं म्हनले, आमचं लगीन लावून द्या, कोपऱ्यातली खोली द्या. पंचानी हो म्हनलं तर संसार, न्हाई म्हनलं तर न्हाई. बिनहुकमाचं केलं तर दोघं रस्त्यावर.

बाजारचा दिवस व्हता, दुपारची येळ. विडे मीच लावून आनल्ते. बायको कवाच गेली माझी, हातानंच लावले. चार साधे — कात, चुना, सुपारी. पाचव्यात गुलकंद. तो माझा. — तसं काय बघतो? दात न्हाईत म्हनलं न्हाई का, मऊ लागतो म्हनून. — इतर बैठकीला? इतर बैठकीला विडे गुरुजीच्या घरून यायचे. तू वकिलाचा हायस ते बराबर कळतं, उलटतपासनी जल्दी सुरू करतो. ऐकायचं का न्हाई?

शेटनं पयला उचलला. काकासाहेबानं उचलला. गुरुजी लई येळ मांडी खाजवत बसला, मंग त्यानं उचलला. म्या उचलला. तुझ्या बापाचं तोंड तर बारा महिने लाल, चंचीतलं पान कवा संपायचंच न्हाई, त्यानं उचलला का न्हाई हे कोन बघतो? मला वाटलं झालं. उठलो, भाईर गेलो. जात्याजवळ बसल्ती ती. दळून राह्यली व्हती, पन हात हलका — कान आत. म्या तिच्या हातात विडा ठेवला. म्हनलं, घे गोजरे, झालं तुझं काम. तिनं तो हुंगला. हसली. — न्हाई, काय बोलली न्हाई. हसली.

आत येतो तर ताटात एक विडा.

तुझा बाप म्हनतो, रखमाजी, तुमचा राह्यला. म्हनलं, म्या उचलला की! दाखवा. उपरनं सोडलं, रिकामं. सगळे माझ्याकडं बघून राह्यले. म्हनलं, गोजरीला दिला, इचारा तिला. तर बलावलं आत. पयल्यांदा त्या दारातून त्याहिच्यातलं कुनी बोलाया आत आलं. अन् मागं पाटाची चाकं वाजली — मच्छिंद्र उंबऱ्याशी येऊन थांबला. तुझा बाप उभा राह्यला, कचेरीत राह्यचा तसा, अन् इचारतो — "बाई, खरं सांगा. ह्या मानसानं तुमच्या हातात विडा दिला का?"

कळलं का कसं इचारलं? पंचानं दिला का, असं न्हाई. ह्या मानसानं! रंडक्या मानसाच्या हातचा विडा, लगनाच्या बाईच्या हातात, अन् तिचा मानूस दारात बसलेला. मच्छिंद्रानं मान वर केली तिच्याकडं. तिला ते दिसलं न्हाई, पन कळलं असंल. पदराच्या गाठीत विडा व्हता तिच्या, मला फुगा दिसत व्हता. पन बाईच्या पदराला हात घालू का मी चारचौघात? ती म्हनली — "न्हाई. मला कुनी काय दिलं न्हाई."

बारगळलं.

उकलून बघा म्हनलो असतो तर? तू तेच इचारनार, मला ठावं व्हतं. ताटातला उकलला असता तर साधा निघाला असता, म्हनजे माझा न्हाई, तुझ्या बापाचा. पन मंग कुनीतरी बोललं असतं, रखमाजी, तुझ्याच विड्यात गुलकंद कसा? न्हाई बोललो. तंबाखू काढ जरा. नसंल तर राहू दे.

मच्छिंद्र जाताना माझ्या हिरीजवळ थांबला. म्हनला, पानी तुझं, म्हनून आमचा जीव बी तुझा का रे म्हाताऱ्या? दगड न्हाई मारला. तिथूनच टेशनावर गेला, परभनीच्या गाडीत लोकांनी चढवून दिला, एकटाच. तिला का न्हाई नेलं? त्याला बी वास आला असंल गुलकंदाचा. पुन्हा आला न्हाई. तिला भाऊ हसनाबादला घेऊन गेला. मंग रजाकाराची धामधूम झाली, शेट गाव सोडून गेला, गोदाम तसंच पडलं. आता राज बदललं.

तुझ्या बापाला भेव व्हतं, आंधळीला लेकरं झाली तर कोन बघंल. शेटच्या तोंडावर न्हाई म्हनायची हिंमत न्हाई, म्हनून माझ्या नावानं न्हाई म्हनला. चांगला मानूस व्हता तसा. राग? न्हाई येत. काय बी येत न्हाई आता.

हसनाबादला जातो कवामवा, बैल बघाया. तिच्या भावाच्या ओट्यावर बसतो. मी खाकरलो की तिला कळतं कोन आलं. जातं थांबत न्हाई तिचं. भाऊ म्हनतो, चहा घ्या. घेतो. येतो.

ऊठ, गाडी चुकंल. तुझ्या बापाचं फिटलं म्हन, जा, तेरवीला तसं सांग घरी. त्याच्या माफीची वाट बघत मी बसलोच न्हाई कवा. — मंग कुनाच्या? एवढं ऐकून बी इचारतो! तिनं एक 'हो' म्हनायचं व्हतं फकस्त, तिचंच भलं व्हतं त्यात — गोजरबाईच्या.