दुसरा केसपेपर

डॉक्टर : जीभ अजून बाहेर काढा. अहो, अजून.

बायको : घरात चांगली हातभर असते. इथेच कशी आखडली कोण जाणे.

नवरा : अगं, मी आधीच घाबरलोय, त्यात तू...

डॉक्टर : गेली आत. बोलू नका. पुन्हा काढा.

बायको : यांना बोलू नका म्हणालात? डॉक्टरबाई, तुमची हिंमत मोठी.

डॉक्टर : कधीपासून आहे हे?

बायको : मला काल कळलं. आरशासमोर जीभ काढून उभे होते, हातात मोजपट्टी. मला वाटलं, स्वतःलाच वेडावून दाखवताहेत.

नवरा : एकोणीस दिवस झाले. सगळी नोंद आहे. ही वही बघा. रोज सकाळी सातला, दात घासायच्या आधी.

डॉक्टर : हे... हे तुमच्या जिभेचे नकाशे आहेत?

नवरा : बत्तीस वर्षं जमीनमोजणीत काढली, डॉक्टर. उगाच अंदाजपंचे काही नाही. ही उत्तर दिशा, म्हणजे घशाकडची.

डॉक्टर : उत्तर घशाकडे. बरं.

नवरा : पहिल्या दिवशी हा लाल तुकडा डाव्या कडेला होता, भोवती पांढरा बांध. चौथ्या दिवशी बांध सरकला. नवव्या दिवशी ती जागा साफ कोरी, आणि उजवीकडे नवे दोन तुकडे. बांध सरकलेले मी शेकड्यांनी पाहिलेत. पण ते माणसं सरकवायची! हा आपला आपण चाललाय.

बायको : तरीच! परवा मला गॅसची टाकी कशी बदलायची ते शिकवत होते. चौतीस वर्षं ती टाकी मीच बदलतेय.

नवरा : माझ्यामागे तुझी अडचण व्हायला नको.

बायको : पाण्याची मोठी तोटी कुठे आहे तेही दाखवलं. प्लंबरच्या डोक्यावर उभं राहून ती मी बसवून घेतली होती. तेव्हा हे साहेब गावोगाव मोजणीच्या साखळ्या ओढत होते.

डॉक्टर : तिखट खाल्लं की झोंबतं?

नवरा : आग आग होते.

बायको : "आज भाजी थोडी फिकी कर," म्हणाले. मला तिथेच संशय यायला हवा होता.

डॉक्टर : तंबाखू, सिगारेट?

नवरा : कधीच नाही.

बायको : ऑफिसातल्या सहलीला एकदा ओढली होती. खोकून खोकून बसमध्ये परत आले.

डॉक्टर : ती नाही धरत. बाई, ही बॅटरी जरा धरता का? मला दोन्ही हात लागतील. हां, गालाच्या आत उजेड टाका. आता जिभेखाली. दुसरा गाल. आणखी थोडं... ठीक आहे. मिटा तोंड.

नवरा : बोला. मी तयार आहे. हिच्यासमोरच सांगा.

डॉक्टर : तुम्हाला काहीही झालेलं नाही.

नवरा : काहीही म्हणजे नक्की किती?

डॉक्टर : याला नकाशाची जीभ म्हणतात.

नवरा : थट्टा करताय माझी?

डॉक्टर : अहो, खरंच तेच नाव आहे. तुम्ही काढलंय ते पुस्तकात छापावं इतकं बरोबर आहे. जिभेवर बारीक लव असते...

बायको : मखमलीसारखी?

डॉक्टर : तुम्ही शिवणकाम करता का?

बायको : तीस वर्षं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत हे.

डॉक्टर : मग तुम्हाला लगेच समजेल. मखमलीची लव जागोजाग उडते, खालचं लाल दिसायला लागतं, कडेला पांढरी किनार येते. चार-आठ दिवसांत तिथली लव परत उगवते आणि दुसरीकडची उडते. तोंडातलं हे अस्तर फार भराभर नवं होत असतं. हे असं का होतं, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण हा कर्करोग नाही, यातून तो होतही नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

नवरा : औषध?

डॉक्टर : झोंबेल ते खाऊ नका. आणि मोजणी बंद.

बायको : ऐकलंत? एकोणीस दिवस एकटेच जीव टांगून बसलात. मला सांगायला काय झालं होतं हो?

नवरा : तुझी गणवेशांची घाई चालली होती. म्हटलं, तेवढी संपू दे.

बायको : म्हणजे गणवेश संपल्यावर मरणार होतात?

डॉक्टर : बाई, बॅटरी खाली ठेवा. तो अंगठा दाखवा बघू.

बायको : हा? का, बॅटरीला काही झालं का?

डॉक्टर : नखावर ही काळी रेघ आहे.

बायको : हां, ती होय! मशीनची सुई घुसली होती. शिवणाऱ्या कुणाचाही अंगठा बघा, काही ना काही असतंच.

डॉक्टर : सुई कधी घुसली?

बायको : झालं असेल दीड वर्ष. दोनही असेल.

डॉक्टर : अंगठ्याचं नख सहा-आठ महिन्यांत मुळापासून टोकापर्यंत नवं होतं. साकळलेलं रक्त असतं, तर नखाबरोबर पुढे सरकून केव्हाच कापलं गेलं असतं. ही रेघ मुळापासून निघालीय. आणि इथे बघा, नखाच्या बुडाशी कातडीवरसुद्धा काळं उतरलंय. हे आधी होतं का?

बायको : कोण बघत बसतंय? डॉक्टरबाई, केसपेपर यांचा आहे. तुम्ही यांचं बघा.

डॉक्टर : यांचं बघून झालं. रेघ रुंद होत गेलीय का?

बायको : नाही. होती तेवढीच आहे.

नवरा : वाढलीय.

बायको : तुम्ही गप्प बसा.

नवरा : आधी दोऱ्याएवढी होती. गेल्या वर्षी मुलगी राहायला आली, तेव्हा दोन दोरे. आता साडेतीन मिलिमीटर. बुडाशी जास्त, टोकाला कमी.

डॉक्टर : तुम्ही मोजलीत?

नवरा : ही दुपारी आडवी होते, तेव्हा पट्टी लावली. दोनदा.

बायको : झोपेत? माझा अंगठा?

नवरा : जागेपणी देतेस का? तीनदा म्हणालो, दाखवून ये. तू म्हणालीस, जमिनी संपल्या वाटतं, आता माणसं मोजायला लागलात.

बायको : म्हणाले असेन.

डॉक्टर : सरळ सांगते, बाई. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, तशा त्या नखाच्या मुळाशीही असतात. त्यांच्यामुळे अशी रेघ उमटते. कधी तो नुसता तीळ निघतो. पण एकाच बोटावरची, तीही अंगठ्याची, वाढत जाणारी आणि कातडीवर उतरलेली रेघ मला आवडलेली नाही. कर्करोग असू शकतो. नखाखालचा छोटासा तुकडा काढून तपासायला हवा. याच आठवड्यात.

बायको : या आठवड्यात नाही जमायचं. चाळीस गणवेश राहिलेत.

नवरा : काजं-बटणं मी करतो.

बायको : तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही.

नवरा : मग खड्ड्यात गेले गणवेश! घालतील पोरं जुने. डॉक्टर, हिच्या नावाने केसपेपर काढा.

बायको : अहो, हळू. बाहेर माणसं बसलीत.

नवरा : बसू देत!

डॉक्टर : वय किती लिहू?

बायको : अठ्ठावन्न.

नवरा : एकसष्ट.

बायको : लिहा एकसष्ट. आज यांचा दिवस आहे.

(दोन महिन्यांनंतर. तोच दवाखाना. बायकोच्या अंगठ्याला पट्टी, नवऱ्याच्या हातात चिकटवलेलं पाकीट.)

बायको : उघडू नका म्हटलं ना.

नवरा : उघडलं कुठे? उजेडासमोर धरलं फक्त.

डॉक्टर : या, बसा. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले ना? रिपोर्टला वेळ लागला, कारण दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही बघून घेतलं. द्या इकडे ते पाकीट.

नवरा : तुकडा तपासला तेव्हा कर्करोग आहे एवढंच कळलं होतं. किती खोल, ते सगळं नख मुळासकट काढल्यावरच कळेल म्हणाले होते. ते यात आहे.

बायको : त्यांना माहीत आहे हो. वाचू द्या.

नवरा : वाचताहेत की पाठ करताहेत?

बायको : अहो!

डॉक्टर : वाचलं. बाई, कातडीचा वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. अस्तरच म्हणा. तुमच्या बिघडलेल्या पेशी सगळ्या त्याच्या वरच होत्या. अस्तर ओलांडून एकही खाली गेलेली नाही. आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा सगळीकडून स्वच्छ आहेत.

नवरा : म्हणजे चतुःसीमा साफ?

डॉक्टर : चतुःसीमा साफ.

बायको : मग आता काय?

डॉक्टर : दर चार महिन्यांनी यायचं. सगळी नखं, तळपाय, तोंडाच्या आतलं, सगळं बघायचं. बाकी आता काही करायचं नाही.

बायको : बरं झालं बाई. अहो, आता रडायला काय झालं?

नवरा : जीभ झोंबतेय.

बायको : जीभ झोंबली की डोळ्यांतून पाणी येतं होय?

डॉक्टर : येतं कधीकधी. हात इकडे द्या, पट्टी सोडते. वा, दंडावरून काढून लावलेली कातडी छान धरलीय इथे.

बायको : ठिगळ बेताचं बसलंय, टाकेही बारीक आहेत. कापड तेवढं जुळलेलं नाही. दंड माझा गोरा.

डॉक्टर : जुळेल हळूहळू. काम सुरू केलंत?

बायको : केलं. पण शिवण दाबायला नख लागतं हो. तीस वर्षं इस्त्रीच्या आधी हेच नख फिरवत आले. आता लाकडी पट्टी घेते. आणि टाचणी खाली पडली की उचलता येत नाही.

नवरा : मी उचलतो. लोहचुंबक आणलंय.

बायको : उचलतात आणि मोजून डबीत टाकतात. काल एक कमी भरली, तर जेवण सोडून पलंगाखाली शिरले.

नवरा : सापडली ना पण?

डॉक्टर : अंगठ्याचा पुढचा मांसल भाग शाबूत आहे, म्हणजे कापडाचा पोत कळेल. या ठिगळाला मात्र अजून काही कळणार नाही. खालून नसा उगवायला वेळ लागतो. वर्षभर, कधी जास्तही. तोवर रोज थोडा वेळ यावरून काहीबाही हळूच फिरवायचं. कापूस, मऊ ब्रश, मग जरा खरखरीत काहीतरी.

बायको : खरखरीत ना? मग हे बसलेत की. अहो, गाल इकडे करा.

नवरा : इथे? डॉक्टर बघताहेत.

डॉक्टर : मी लिहितेय.

बायको : दाढी का नाही केलीत आज?

नवरा : असल्या दिवशी दाढी सुचते का कुणाला? तू लाव.

बायको : हलू नका मग.

नवरा : कळतंय काही?

बायको : नाही.

नवरा : अजिबात नाही?

बायको : अजिबात नाही. राहू द्या थोडा वेळ तसंच.